अक्कानं गोळा केलेली आई

कसे आहात सगळे?

रेणापूरच्या वहिनी, गुडघा काय म्हणतोय? जळकोटचे भाऊ, शुगर उतरली का? मुखेडच्या सूनबाई, बाळंतपणातून सावरलीस ना गं?

आमच्या अक्काची तब्येत मात्र आता विचारू नका.

आज सकाळी ती गेली. लातूरच्या घरीच.

आणि तिच्यासोबत आमच्या आईचा चेहरा गेला. तो आठवणारं आता कुणी उरलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आई तापानं गेली. अक्का जाणती होती. मी अजून कडेवरची.

आमच्यात माणूस गेलं की बसवतात. विभूती लावतात, हार घालतात. तसं बसवूनच आईचा फोटो काढला. तिचा तो एकच फोटो.

फ्रेम करताना फोटोवाल्यानं मिटलेल्या पापण्यांवर ब्रशनं उघडे डोळे काढून दिले.

मी त्याच डोळ्यांना आई समजून वाढले.

अक्का म्हणायची, "हे तिचे न्हाईत. हे त्या फोटोवाल्याच्या मनातले."

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. दाजींना ऑफिसात नोकरी लागली. अक्कानं त्यांच्या मागं लागून एक सेकंडहॅन्ड कॅमेरा घेतला. स्वतःच शिकली. वाया गेलेल्या रोलांवरून दाजी जेवताना टोमणे मारायचे, ती वाढत राहायची.

मग आईच्या माहेरच्या बायांचे फोटो काढत फिरली.

मावशी तर उंबऱ्यातच अडली. "मी गेल्यावर काढ की गं. जित्या बाईचा फोटो कुणी काढतं का?"

"गेल्यावर डोळे मिटतेत, मावशी. बस गुमान."

मावशीचं कपाळ आईचं होतं. मामेबहिणीची हनुवटी. मावशीची लेक हसताना पदर दातात धरायची, आईपण तसंच करायची म्हणे.

फोटो धुऊन आले की अक्का मला जवळ बसवायची.

"इथून इथपर्यंत बघ. बाकीचं झाक."

मी तळहातानं झाकून बघायची.

एकदा विचारलं, "आन् माझ्यात काय हाय तिचं?"

"राग. पण तो फोटोत येत न्हाई."

डोळे मात्र तिला कुणातच सापडले नाहीत. लई शोधले.

परवा तिच्या उशाशी बसून मीच विचारलं, "अक्का, कसे होते गं डोळे?"

तिनं पंख्यावरची नजर माझ्याकडं वळवली.

"तुला कडेवर घेतलं की बारीक व्हायचे," म्हणाली. आणि झोपली.

एवढंच आहे माझ्याकडं.

कुणाच्या घरी दुष्काळाच्या आधीचा लग्नातला ग्रुप फोटो असला, तर मागच्या रांगेतल्या बाया बघा. लेकराला कडेवर घेतलेली कुणी दिसली, तर मोबाईलवर काढून पाठवा.

ओळख पटवायला अक्का नाही, हे मला कळतं.

तरी पाठवा. मी एकेकीकडं बघीन.

अक्का, नीट जा गं.

आणि तुम्ही सगळे, सापडलं न सापडलं तरी लवकर लिहा. मी वाट बघतेय.