बायकोच्या हनुवटीचा केस

बायकोच्या हनुवटीवरचा केस मी भगताला दाखवायला निघालो, ही माझी चूक. आणि मी जव्हारला राहून चार बुकं शिकलेला!

तिची पाळी तीन-चार महिने यायचीच नाही, आणि आली की पंधरा-पंधरा दिवस हटायची नाही. तशातच ती चिखलात वाकून भाताची लावणी करायची. हनुवटीवर राठ केस यायचे. बोटांना चुलीतली राख लावून ती ते उपटायची. खायची माझ्यापेक्षा कमी, पण अंग सुटत चाललेलं. तर पाड्यावरच्या बाया म्हणायच्या, "चोरून खात असंल." काय चोरणार? आमच्या कणगीत नागली शोधताना उंदीर दमायचे! मूल होत नव्हतं, त्याचा दोषही तिच्याच माथी. माझ्याकडे कोणी संशयाने पाहिलंसुद्धा नाही. मला मिशा होत्या ना!

आई म्हणाली, "भगताला इचार. पण तिचा केस ने."

तिने उपटून टाकलेला एक केस मी पळसाच्या पानात गुंडाळला आणि निघालो. ओढ्यात पाय घसरला, पान सुटलं, केस गेला वाहून. परत जायची लाज वाटली. मग स्वतःच्या हनुवटीचा एक राठ केस उपटला आणि तोच बायकोचा म्हणून भगतापुढे ठेवला. केस तो केस, त्याला काय कळतंय, असं वाटलं.

भगताने सुपात तांदूळ पसरले, वर केस ठेवला आणि घुमायला लागला. त्याचं घुमणं ऐकून सगळा पाडा ओढा ओलांडून भोवती जमला. मागे बायांत माझी बायकोही उभी.

"केस भुताळीचा हाय," तो ओरडला. "हिला पाड्यात ठेवू नका."

भुताळी ठरलेल्या बाईचं काय होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नशिबाने सुटली तर नुसती हाकलून देतात. काल तिच्याकडून मीठ उसनं नेलेली शेजारीणही तिच्यापासून चार हात सरकली. दोघे गडी काठ्या घेऊन उठले.

"अरे, तो केस माझा आहे!" मी किंचाळलो. ओढा, पान, सगळं धडाधडा सांगून टाकलं.

भगताने तांदूळ पुन्हा चाळवले. "तरीच कौल उलटा दिसत होता," म्हणाला.

पाडा हसून लोळला. काठ्या खाली गेल्या. मला मात्र आजही तो प्रसंग आठवला की अंगाची आग होते. तांदळाला विचारलं, केसाला विचारलं, भगताला विचारलं. बाई, तुला काय होतंय, हे तिला एकानेही विचारलं नाही. मीही नाही. तिला वाचवलं ते त्या ओढ्याने. पान सुटलं नसतं, तर माझ्याच हाताने मी तिला त्या काठ्यांपुढे उभी केली असती.

बायको गर्दीतून पुढे आली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली,

"एक केस सांभाळता येत नाय तुला, न् बायको सांभाळतोस व्हय?"