तेरा वेळा ‘वरीलप्रमाणे’

गोरखच्या चौदा दिवसांचा तक्ता मी एका मिनिटात भरला, आणि चुकीचा भरला.

फौजेत जवानाचं हृदय बिघडलं की युनिटकडून एक तक्ता मागवतात. दुखण्याआधीचे चौदा दिवस या माणसाने रोज काय काम केलं? दुखणं नोकरीच्या ताणाने वाढलं की आपोआप आलं, हे ठरवताना वैद्यकीय बोर्डावरचे डॉक्टर तो तक्ता बघतात. मी आमच्या तुकडीचा, म्हणजे कंपनीचा, क्लार्क. गोरखला छातीत कळ आली म्हणून डोंगरावरून खाली हलवलं, आणि आठवड्याभराने तो कागद माझ्या टेबलावर आला. नेमकी त्याच सकाळी माझी रजा मंजूर झाली होती आणि गाडी बाहेर हॉर्न वाजवत होती. पहिल्या ओळीत मी लिहिलं, ‘नेहमीचं काम’. पुढच्या तेरा ओळींत, ‘वरीलप्रमाणे’. साहेबांनी माझ्या सुवाच्य अक्षरावर विश्वासून सही ठोकली.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, गोरखच्या बायकोचा, शालनवहिनींचा फोन आला. अपंगत्व पेन्शनचं पहिलं अपील फेटाळलं होतं.

“कारण काय दिलंय?” मी विचारलं.

“नेहमीचंच काम हुतं म्हनत्यात. आता भावजी, त्ये अक्षर कुनाचं हाय, त्ये काय त्यांनी लिवल्यालं न्हाय. ह्येंनी सांगितलं.”

दुसऱ्या अपिलासाठी सोलापुरात वकिलांपुढे साक्षीचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. मुक्काम मोडनिंबला, गोरखकडे. मी पुण्याहून सकाळची एसटी धरली. बरोबर अर्धा किलो बाकरवडी आणि टॉवेलात गुंडाळलेली फोटोची फ्रेम.

इंदापूर मागे पडलं, भीमेचा पूल आला, आणि टेंभुर्णीनंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी दिसायला लागली. कणसं हुरड्यात आलेली. बर्फात, बुखारीभोवती (खोली गरम ठेवणारी शेगडी) बसून गोरख या हुरड्याचं असं वर्णन करायचा की आमचा केरळी लांगरी (स्वयंपाकी) एका अक्षराचा अर्थ न कळता आवंढे गिळायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं, गोरख फेकतोय. खिडकीतून ते रान बघताना कळलं, बिचारा कमीच सांगत होता.

फाट्यावर तो उभा होता. पूर्वी दार भरून टाकणारा माणूस. आता अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटत होता.

“बाबू, लई सुटलास की!” फौजेत सगळ्या क्लार्कांना बाबूच म्हणतात.

घरी वहिनींनी बाकरवडीचा पुडा उघडून पाहिला आणि तसाच बंद केला.

“काळजाच्या पेशंटला तळल्यालं? भावजी, एकदा केलं तेवढं पुरं झालं न्हाय व्हय?”

जेवायला कडक भाकरी, पिठलं आणि शेंगाचटणी. गोरखचं पिठलं अळणी, आणि चटणी फक्त माझ्या ताटात. तो त्या चटणीकडे ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेने आम्ही पूर्वी घरच्या पत्रांकडे बघायचो.

जेवणानंतर वातावरण जरा सैल करावं म्हणून मी फ्रेम काढली. हा फोटो माझ्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं टांगलेला. बर्फ, काळा चष्मा, कमरेवर हात, शिखर सर केल्याचा चेहरा. प्रत्यक्षात ती जागा आमच्या स्वयंपाकघराच्या मागची होती, हे पाहुण्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

वहिनींनी चष्मा लावला. फोटोतल्या माझ्याकडे बघितलंच नाही. फोटोच्या कडेला बोट ठेवून म्हणाल्या, “मागं ह्ये वाकल्यालं कोन?”

गोरख जागचा हलला नाही. “मी. राकेलचा क्यान हाय पाठीवर.”

तेव्हा मला आठवलं. बर्फाने वाट तुटली होती, खेचरं चढत नव्हती. दोन आठवडे वरच्या चौकीचं रॉकेल आणि शिधा जवानांनी पाठीवर वाहिला होता. मी फ्रेम उलटी केली. मागे माझ्याच सुवाच्य अक्षरात तारीख होती. वहिनींनी तक्त्याची झेरॉक्स आणून शेजारी ठेवली. दहावा दिवस.

“फोटू झाल्यावर काय झालं त्ये बी सांग की हिला,” गोरख म्हणाला.

तो हे विसरला असेल अशी मला आशा होती. फोटोत रुबाबदार दिसावं म्हणून मी बर्फाचे बूट काढून गुळगुळीत चामड्याचे घातले होते. लांगरीने फोटो काढला, मी वळलो आणि घसरत खालच्या ओढ्यात गेलो. घोटा मुरगळला. गोरखने क्यान उतरवला, मला पाठीवर घेतलं, खाली दवाखान्यात पोचवलं, मग परत चढून क्यान उचलला आणि चौकीवर नेऊन दिला. पाचव्या दिवशी त्याच्या छातीत कळ आली. आणि त्या दहाव्या दिवसापुढे मी लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे’.

वहिनींनी चष्मा काढला. मग नवऱ्याला म्हणाल्या, “तुमी का न्हाय सांगितलं बोर्डाला?”

“त्या बुटापायी ह्याला शिक्षा लागली असती की. आन मला वाटलं, तक्त्यात घातलं आसंल ह्यानं कायतरी.”

दुसऱ्या दिवशी तिघे सोलापूरला गेलो. दहालाच ऊन डोक्यावर. स्टँडबाहेर चहाच्या गाड्यावर कपात साखर घालताना मराठी, पैसे देताना कानडी आणि मागच्या बाकावर तेलुगूतलं भांडण. वकीलबाई तरुण, पण नजर आमच्या सुभेदारांसारखी.

“काका, यात तुमची चूक तुम्हालाच स्पष्ट लिहावी लागेल. चालेल?”

म्हटलं, चालेल. चौदा ओळी नीट भरायला या खेपेला अडीच तास लागले. गोरख डोळे मिटून एकेक दिवस सांगत होता, कुठल्या वळणावर दम लागला तेही. मी दुजोरा देत होतो. दहाव्या ओळीवर बाईंनी विचारलं, “सहकाऱ्याला पाठीवरून नेलं. वजन किती?”

“साठ किलो,” मी म्हणालो.

गोरखने डोळे उघडले. “पंच्याहत्तर. पाठ माझी हुती.”

बाईंनी पंच्याहत्तर लिहिलं. निकालाची खात्री देता येत नाही, पण आधी कागदात काहीच नव्हतं, आता आहे, असं म्हणाल्या. फोटो पुरावा म्हणून त्यांच्याकडेच ठेवला.

आता पुण्याच्या भिंतीवर नुसता खिळा आहे. फौजेच्या गोष्टी मी सगळ्यांना सांगत आलो. प्रत्येक गोष्टीत मी मधोमध उभा असायचो. कडेला कोणीतरी वाकलेलं होतं, ते वहिनींनी पहिल्या नजरेत टिपलं.

परतीच्या गाडीवर सोडायला दोघेही आले होते. खिडकीतून मी म्हणालो, “वहिनी, निकाल लागला की कळवा. आणि पुढे काही लिहायचं निघालं तर लगेच बोलवा, येतो मी.”

“बोलवू की,” वहिनी म्हणाल्या. “जेवायला. लिवायला न्हाय.”