बोटभर अलीकडे

पेणमध्ये गेली अठरा वर्षं मी मुलींना कराटे शिकवते. त्याआधी स्वतः खेळायचे, राज्य पातळीपर्यंत गेले. पदकं पत्र्याच्या डब्यात आहेत. भिंतीवर लावली असती, पण बघणार कोण? आई गेल्यापासून त्या दोन खोल्यांत मी एकटीच असते आणि मला ती पदकं पाठ आहेत.

एकट्या राहणाऱ्या बाईची लोक जरा चौकशी करतात. माझी कोणी करत नाही. "तुला काय बाई, तू कराटेवाली," शेजारच्या काकू म्हणतात. "तुझ्यापासून लोकांनी सांभाळून राहायचं." पहिली काही वर्षं मला या विनोदाचा अभिमान वाटायचा. मग कंटाळा आला. मग कधीतरी लक्षात आलं की या विनोदामुळेच तापाने फणफणले तरी कोणी दार वाजवत नाही. कराटे आणि तापाचा काय संबंध, ते त्या काकूंनाच ठाऊक.

मागच्या फेब्रुवारीत रोह्याच्या वाटेवर, निडीच्या पुढच्या एका शाळेने मला बोलावलं. आठवी-नववीच्या मुलींसाठी दोन तासांचा स्वसंरक्षणाचा वर्ग होता. मुली उत्साही होत्या, हेडमास्तरांनी शाल-श्रीफळ दिलं, चहा झाला. दुपारी अडीचच्या सुमाराला मी नारळ पिशवीत टाकून निडी स्टेशनात येऊन बसले. गाडीला पाऊण तास होता. फलाटावर माझ्याशिवाय फक्त एक म्हातारी होती. पुढ्यात वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन ती सावलीत शेंगा सोलत बसली होती.

तेवढ्यात एक माणूस आला. पस्तिशीचा असेल. प्यायलेला होता, पण तोल सांभाळून चालत होता. आधी त्याने किती वाजले विचारलं. मग कुठे जाणार विचारलं. मी उठून पलीकडच्या बाकड्याकडे निघाले, तर त्याने माझं मनगट धरलं.

पुढचे दोन सेकंद माझं शरीर फार सुंदर वागलं. मनगट सोडवलं, डावा पाय पुढे पडला, कंबर वळली आणि उजवी मूठ सरळ त्याच्या नाकाकडे गेली. इतका स्वच्छ ठोसा मी स्पर्धेतसुद्धा क्वचितच काढला असेल. आणि तो त्याच्या नाकाच्या बोटभर अलीकडे थांबला. थांबला म्हणजे मीच थांबवला. मूठ झटक्यात कमरेशी परत आणली आणि ताठ उभी राहिले.

कशाची वाट बघत होते, हे लिहायलाही लाज वाटते. पंच पॉइंट देतील याची.

आमच्या खेळाचा नियमच तसा आहे. चेहऱ्यावरचा ठोसा कातडीपाशी थांबवायचा. लागला तर दंड. जी जास्तीत जास्त वेगाने येते आणि जास्तीत जास्त जवळ थांबते, ती चांगली खेळाडू. उघड्या हाताने तोंडावर मारणं तर बादच. बॉक्सिंगमध्येही ग्लोव्ह उघडा ठेवून चापट मारली की फाउल देतात. दोन्हीकडे मुठीचा मान मोठा, आणि त्या मुठीवर गादी बांधलेली असते, म्हणून ती कोणाच्या कपाळावर आपटली तरी बोटं शाबूत राहतात. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. गादी नसताना काय करायचं, पंच नसताना काय करायचं, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्याच दिवशी सकाळी साठ मुलींना तोच थांबणारा ठोसा शिकवून आले होते, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

तो माणूस आधी दचकला. त्याने डोळे गच्च मिटले होते. मग उघडले, नाक चाचपून बघितलं, आणि हसला. मोठ्याने नाही, आपला आपल्याशीच. त्या हसण्यात माझी अठरा वर्षं गेली. त्याने या वेळी माझा दंड धरला, घट्ट, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. ओरडायचं असतं हेही मी मुलींना शिकवते. मी ओरडले नाही.

म्हातारी कधी उठली ते मी पाहिलं नाही. मला एकदम तिचा हात दिसला. बोटं मागे, तळहात पुढे, आणि मनगटाजवळचा जाड भाग खालून वर त्याच्या हनुवटीवर. त्याचे दात एकमेकांवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा हात लगोलग कानावर, पसरलेला. माझा दंड सुटला. तो खाली बसला, कसाबसा उठला आणि कान धरून रूळ ओलांडून शेताकडे चालता झाला. म्हातारीच्या पदराला चिकटलेली वालाची सालं तेवढी खाली पडली.

"लागला काय गो तुला?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग मारलास का नाय? हात तर चांगला काढला व्हतास."

"थांबला," मी म्हटलं.

"थांबला म्हंजे?"

गाडी येताना दिसली. मी तिची शेंगांची पिशवी उचलली.

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. तिने माझा उजवा हात मांडीवर घेऊन उलटसुलट बघितला, वैद्यासारखा. "मुठीनं मारला असतास तर तुझीच बोटा मोडली असती," ती म्हणाली. "माझ्या घोवाची मोडली व्हती. बांधावरच्या भांडणात एकाच्या डोक्यात घातलान. दोन म्हयने मी भरवला त्याला." मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही तळहात छातीसमोर उघडे धरून दाखवले. "असं धरायचं. नको बाबा, नको बाबा म्हनायचं. त्याला वाटतं भ्याली. जवल आला का हानायचा. आनि मंग बघत नाय राहायचा, पलायचा."

तिला कोणी शिकवलं असं मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला प्रश्न कळला नसावा. कासूला तिची लेक दिलेली होती, तिथे ती उतरली. उतरताना माझ्या पिशवीत, शाळेच्या नारळाशेजारी, दोन ओंजळी सोललेले वाल टाकून गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

घरी आल्यावर पनवेलला भावाला फोन केला. "आज निडीला एका माणसाने माझा हात धरला," मी म्हटलं. तो खो खो हसत सुटला. "मग? कुठल्या दवाखान्यात आहे तो?" पाठीमागून वहिनीचंही हसणं ऐकू आलं. मीही हसले. "पळाला," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं. फोन ठेवला आणि ओट्याला टेकून रडले. त्या रडण्यात भीती थोडी होती, राग जास्त होता. माझ्यावर कोणी हात टाकू शकतं हे ऐकून घ्यायला या जगात एक माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखा वर्ग घेतला. माझा वर्ग भरतो त्या हॉलच्या मागच्या भिंतीला जवळच्या जोहे गावातून रंगवायला आलेले बिनरंगी गणपती लावून ठेवलेले असतात, त्यामुळे त्या बाजूला लाथा जपून मारायच्या अशी आमची शिस्त आहे. चौदा मुली होत्या. निडीचं मी काही सांगितलं नाही. तोच ठोसा, तोच नियम, जिल्हा स्पर्धा तोंडावर आलेली. मी घाबरले होते, हे कबूल करते. त्या माणसाला नाही, या मुलींना. दिवसाच्या चोवीस तासांतल्या या दोन तासांतच मला कोणी हाक मारतं. खरं सांगितलं आणि त्या यायच्या बंद झाल्या, तर माझ्याकडे राहतं काय? दोन खोल्या आणि एक डबा.

आठ दिवस असे काढले. नवव्या दिवशी एका मुलीची आई वर्ग सुटताना दारात भेटली. "मॅडम, पुढच्या आठवड्यापासून हिला रोह्याला क्लासला एकटीच पाठवणार. आधी जीव नाही व्हायचा. तुमच्यामुळे धीर आला." मुलगी शेजारी उभी होती, दोन वेण्या, मान ताठ. मला निडीचा फलाट आठवला. 

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना खाली बसवलं आणि जे झालं ते सांगितलं. मूठ कुठे थांबली तेही आणि मी कशाची वाट बघत उभी राहिले तेही. एकीला हसू आलं, तिने ओठ दाबले. नंतर कोणीच हसलं नाही.

"म्हणजे आपण शिकतो ते खोटं?" एकीने विचारलं.

"खेळात ते खरंच आहे," मी म्हटलं. "रस्त्यावर खेळ नसतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

मग मी त्यांना तळहात उघडायला लावला. बोटं मागे, मनगटाजवळचा भाग पुढे. "नको नको" म्हणत हात वर कसे आणायचे ते दाखवलं. आणि मी त्यांच्यासमोर उभी राहिले, पॅड न घेता. गळ्याच्या हाडाखाली, खांद्याजवळ बोट ठेवलं. "इथे मारायचं. जोरात."

पहिली आली. हात सुंदर आला आणि खांद्याच्या बोटभर अलीकडे थांबला. दुसरीचाही थांबला. तिसरीचा, चौथीचा. तेरा हात आले आणि तेराही थांबले, एकसारखे, एकाच अंतरावर. इतकी वर्षं मी किती चांगलं शिकवलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला तिथेच बसावंसं वाटलं.

शेवटी ती दोन वेण्यांची आली. हात उचलला आणि खाली घेतला.

"मॅडम, तुम्हाला लागेल."

"लागू दे."

"मला नाही जमणार."

"रोह्याला जाणारेस ना एकटी?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मी नसणारे तिथे. तुझ्या आईला मी काय सांगू? मार."

तिचे डोळे भरले, आणि तिने मारला. पूर्ण. मी दोन पावलं मागे जाऊन सतरंजीवर बसलेच. श्वास अडकला. सगळ्या जणी धावल्या, कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी पाणी आणलं, आणि ती मुलगी "सॉरी, सॉरी" करत माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी तिला उठवून रांगेत उभं केलं आणि बाकीच्या तेराजणींना परत यायला सांगितलं, या वेळी पॅडवर.

पुढच्या पंधरवड्यात आठ मुली सोडून गेल्या. "मेडल राहिलं बाजूला, मुलींच्या डोक्यात भीती घालता," असं एका वडिलांनी फोनवर ऐकवलं. हॉल आता मोठा वाटतो. सहा जणी येतात. दोन वेण्यांची त्यांत आहे, आणि ती रोह्याला एकटी जाते.

तिने मारलं त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी कुर्ता बाजूला करून आरशात बघितलं. खांद्याखाली तळहाताचा ठसा उमटला होता. भाताचा कुकर होईपर्यंत लाली पुसट झाली, पण ठशाच्या जागी निळं राहिलं. कूस बदलली की ठणकायचं. दोन दिवस दुखलं, आणि ते दोन दिवस मला घरात एकटं वाटलं नाही.