नोएलीन हॅस्केटने कधी न सांगितलेली निवड

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात नोएलीन हॅस्केट शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी आम्हा मुलींना बास्केटबॉल शिकवायची. तेराव्या वर्षीच मी ताडमाड वाढले होते आणि पोक काढून चालायचे. एकदा बसमधून उतरताना तिने मला अडवलं.

"नाव काय गं तुझं?"

"ब्रॉन्विन टकवेल."

"उद्या चारला हॉलवर ये. बूट नसले तरी चालतील, उंची तेवढी घेऊन ये."

राष्ट्रीय युवा संघाच्या चाचणीसाठी तिने मला स्वतःच्या गाडीतून ॲडलेडला नेलं. पाचशे किलोमीटर. माझी निवड झाली नाही. परतीच्या वाटेवर युंटा हे छोटं गाव येईपर्यंत मी रडत होते. तिथे तिने गाडी थांबवली आणि आत खिमा भरलेला गरम मीट पाय माझ्या हातात ठेवला.

"रडून झालं असेल तर खा. नसेल झालं तर खाता खाता रड. सोमवारी तुझ्या पायांकडे बघायचंय, फार आळशी आहेत."

दोन वर्षांनी, अठ्ठ्याण्णव साली, माझी निवड झाली. कॅनबेराला शिबिराच्या शेवटच्या दिवशी जर्सी मिळणार होत्या, आणि प्रत्येकीला ती तिच्या माणसाच्या हातून घ्यायची होती. आईच म्हणाली, "नोएलीनला ने. मी नुसता जन्म दिला, पळवलं तिने."

त्या समारंभाला राष्ट्रीय महिला संघाच्या जुन्या खेळाडूही आल्या होत्या. त्यातली मर्ल जॅका नावाची एक बाई नोएलीनकडे बघतच राहिली.

"नोएलीन? अगं, अठ्ठ्याहत्तरला तू आली का नाहीस? शेवटच्या क्षणी तरी येशील म्हणून विमानतळावर ताटकळत बसलो होतो आम्ही."

मला काही कळेना. "कुठे जायचं होतं?"

"हिने सांगितलं नाही? महिला संघात निवड झाली होती हिची. परदेश दौऱ्याच्या दोन दिवस आधी तार आली, येत नाही म्हणून. का, ते काहीच नाही."

नोएलीनने जर्सीची घडी उगाचच सारखी केली. "बाबांच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. धाप लागायची. घरात दुसरं कोण होतं? चार वर्षं काढली त्यांनी. तोवर माझे गुडघे गेले."

जुन्या खेळाडूंचा फोटो निघत होता, तिथे मर्लने नोएलीनला दंडाला धरून नेलं.

"मी एकही सामना खेळले नाही, मर्ल."

"निवड झाली होती ना? मग उभी राहा गप."

ती उभी राहिली. हात कुठे ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं.

घरी येताना मी विचारलं, "वाईट नाही वाटलं कधी?"

"वाटायचं की. शनिवार-रविवारी जास्तच. सोमवारी तुम्ही पोरी यायचात, मग वेळच नसायचा."

युवा संघाकडून मी नऊ सामने खेळले. महिला संघापर्यंत मजल गेली नाही, त्याची मला खंत नाही. त्या नऊ सामन्यांनी आणि त्या बाईने मला जे दिलं, ते आयुष्याला पुरून उरलंय. माझ्यानंतर नोएलीनने आणखी तिघींना ॲडलेडला नेलं. त्यातली एक महिला संघात गेली. ते कळलं तेव्हा नोएलीन बसचं तेल बदलत होती. हात पुसून तिने पहिला फोन मला केला.

"ब्रॉन," ती म्हणाली, "पोचली गं आपली पोर."