सरासरीवर टांगलेला आरसा

लग्न होऊन मी सांगलीहून साताऱ्यात आले तेव्हा घरात आरसा एकच होता. त्यात चेहरा दिसतो असं मला सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. मला काही तो दिसला नाही.

स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मध्ये एक चिंचोळी, बिनखिडकीची खोली होती. दोघं आत शिरले तर एकाला मागं सरतच बाहेर पडावं लागे. तिथं खिळ्याला हा आरसा. त्याचा पारा जागोजागी उडालेला, त्यामुळे नाक शाबूत दिसायचं पण डाव्या गालाचा पत्ता नसायचा. वर झिरोचा बल्ब. खाली सासऱ्यांची फौजेतली पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर त्यांचं दाढीचं सामान, सासूबाईंची फणी-कुंकवाची फणेरपेटी, माझ्या नवऱ्याची तेलाची बाटली आणि सगळ्यांत शेवटी घरात आलेला माझा पावडरचा डबा. ट्रंक उघडायची तर हा सगळा संसार खाली उतरवायला लागे. त्यामुळे ट्रंकेत काय आहे हे मला कधीच कळलं नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजी बावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून घरी आलेले, सहा फुटी, ताठ. आत्याबाई त्यांच्या छातीला लागायच्या. पण घर चालायचं ते आत्याबाईंच्या आवाजावर.

तर बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या एका संक्रांतीला आत्याबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या आणि पाचव्या मिनिटाला परत आल्या. वाणसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांचं कुंकू कपाळाच्या मधोमध बसायचं सोडून डाव्या भुवईवर बसलं होतं आणि तिथल्या एका बाईनं भर बैठकीत हसत हसत ते स्वतःच्या पदरानं पुसून दिलं होतं. पुसून दिलं, हे आत्याबाईंना हसण्यापेक्षा जास्त लागलं. त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही.

त्याच महिन्यात फलटणहून त्यांचा भाऊ आमंत्रण घेऊन आला. एकुलत्या एक मुलीचं लग्न होतं. भाऊ चहा पिऊन गेला आणि आत्याबाईंनी जाहीर केलं, "म्या न्हाई जायाची. चार बायांत हसं करून घ्यायला?"

सख्ख्या भाचीच्या लग्नाला सख्खी आत्या नाही म्हणजे दोन्हीकडच्या भावकीला वर्षभर पुरेल एवढं खाद्य. आणि भावाचा जीव किती तुटला असता ते वेगळंच. मामंजी ताडकन उठले. "आरशापायी लग्न चुकवायचं? खोलीच बदलून टाकतो. म्हैनाभर हाय अजून."

पहिल्यांदा सामान ठेवायची व्यवस्था. सुताराकडून चार खणांची फळी करून घेतली आणि मामंजींनी ती हुद्द्याप्रमाणे वाटली. सगळ्यांत वरचा खण त्यांचा, त्याच्या खालचा आत्याबाईंचा, मग नवऱ्याचा आणि तळाचा माझा. मी घरातली रंगरूट. गंमत अशी की मी चांगली उंच, त्यामुळे पावडरीच्या डब्यासाठी मला कमरेत वाकायला लागे आणि आत्याबाईंचा हात स्वतःच्या खणाला पुरतच नव्हता. पण मानाचा खण सोडतील तर त्या आत्याबाई कसल्या. त्यांनी लाटणं नेलं आणि लाटण्यानं फणेरपेटी पुढं ओढली. पेटी आली, पण येताना उघडली, आणि कुंकवाचा करंडा खाली ट्रंकेवर वाळत ठेवलेल्या मामंजींच्या दाढीच्या ब्रशावर पालथा झाला. दुसऱ्या दिवशी मामंजी अर्धवट उजेडात दाढी करून बाहेर आले ते गुलाबी होऊन. होळीला अजून अवकाश होता.

मग आरसा. बाजारातून मामंजी हातभर लांबीचा नवा कोरा आरसा दोन्ही हातांत धरून चालत घेऊन आले. रस्त्यानं समोरून येणारा जो तो म्हणे टोपी सारखी करून घेत होता. आता तो किती उंचीवर लावायचा? मामंजींनी हुकूम सोडला, "समद्यांनी भिंतीला लागून उभं ऱ्हायचं." प्रत्येकाच्या डोळ्यांच्या रेषेला पेन्सिलीची खूण केली. आत्याबाई डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून उभ्या राहिल्या, त्यामुळे त्यांचे डोळे नेमके कुठं आहेत हे अंदाजानंच ठरवावं लागलं. "आता ह्याची सरासरी काढा," मामंजी म्हणाले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली, कारण मी कन्याशाळेत गणित शिकवत होते.

मी सरासरी काढली. अगदी बिनचूक काढली. इथं माझा गुन्हा कबूल करते. आत्याबाई रोज सकाळी काय करतात हे मला माहीत होतं. सगळे उठायच्या आत त्या तो जुना आरसा खिळ्यावरून काढायच्या, ट्रंकेला टेकवायच्या, पाटावर बसायच्या आणि मग मेण लावून त्यावर कुंकू टेकवायच्या. बाईमाणसानं उभ्यानं आरशात बघणं म्हणजे त्यांच्या लेखी नटवेपणा होता. हे सगळं माहीत असून मी मुकाट्यानं बेरीज केली आणि चारानं भागलं. सासऱ्यांच्या मापापुढं बोलायची माझी छाती झाली नाही.

आरसा चार स्क्रूंनी पक्का बसला. मामंजींना त्यात मिशीपासून खालचंच दिसायचं. नवऱ्याला बरंचसं दिसायचं. आणि मी समोर उभी राहिले तर कपाळापासून गळ्यापर्यंत मी सगळीच्या सगळी आत! सरासरी म्हणून निघाली ती नेमकी माझ्याच डोळ्यांवर. आत्याबाई आत जाऊन आल्या.

"भांग दिसला," त्या म्हणाल्या. "जागच्या जागी हाय." आणि भाकरी थापायला बसता बसता पुढं म्हणाल्या, "चला, सूनबाईची सोय झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरसा माझ्यासाठी बसवून घेतला असं म्हणायला त्यांना जागा होती आणि गणितही माझंच होतं.

उरला उजेड. मामंजींनी झिरोचा बल्ब काढून शंभरचा आणला आणि वायर ओढून आरशाच्या समोरच्या भिंतीवर लावला, म्हणजे बघणाऱ्याच्या बरोब्बर पाठीमागं. "बघायचं काय हाय? आरसा. मग उजेड आरशावरच पडाय पायजे. पहाऱ्यावर आमी बॅटरी अशीच मारायचो." परिणाम असा की आरसा लखलखायचा, भिंत लखलखायची, आणि मधोमध आपलं तोंड तव्याच्या बुडासारखं काळंठिक्कर. मी त्या उजेडात पावडर लावून शाळेत गेले तर सहावीच्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. माझा एक गाल पांढरा होता आणि एक माझा होता.

लग्नाला चार दिवस राहिले. आत्याबाईंनी भाचीसाठी घेतलेलं लुगडं बाहेर काढलं, घडी घातली आणि माझ्याकडं दिलं. "तूच घेऊन जा. आन् भावाला सांग, तुझ्या बहिणीला ताप आलाय." असं म्हणताना त्यांचा आवाज बदलला. त्या बाईंना मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला आधी वाईट वाटलं आणि मग जो संताप आला तो थेट पडवीत, मामंजी पेपर वाचत होते तिथं जाऊन थांबला.

"मामंजी, आत्याबाई उभ्यानं कुंकू लावतात कुठं? त्या खाली पाटावर बसून लावतात! आणि उजेड आरशाला नको, तोंडाला पाहिजे! आरशाला काय करायचाय उजेड, त्याला कुठं लग्नाला जायचंय?"

नवऱ्यानं घाबरून माझ्याकडं पाहिलं. सुभेदारांशी असं घरात कुणी बोललं नव्हतं. मामंजींनी पेपर खाली ठेवला. ते रागावतील असं मला वाटलं, पण ते गोंधळले होते.

"बसून?" त्यांनी विचारलं. "कवापासनं?"

"जल्मल्यापासनं!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मामंजी उठले. त्यांनी पाट आणला, खोलीत स्वतः बसून पाहिलं, आत्याबाईंना बसवून माप घेतलं. ह्या खेपेला सरासरी नाही, एकाच माणसाचं माप. मोठा आरसा खाली आला. त्याच्या वर, चेहऱ्यावर उजेड पडेल असा बल्ब बसला. दाढीपुरता जुना आरसा पुन्हा खिळ्याला गेला. फळीचे हुद्देही बदलले. तळाचा खण आत्याबाईंचा, आणि मला थेट सगळ्यांत वरच्या, सुभेदारांच्या खणात बढती.

लग्नाच्या दिवशी आठची एसटी धरायची होती. साडेसातला आत्याबाई नेसून सावरून खोलीत गेल्या. बटण दाबल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. आम्ही थांबलो. पावणेआठ झाले. मामंजी दारापाशी गेले, मी त्यांच्या मागं.

आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. मेणाची डबी उघडीच होती, कपाळ कोरं. त्या नुसत्या आरशात बघत होत्या.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं. "नीट दिसत न्हाई व्हय?"

"लय नीट दिसतंय," त्या म्हणाल्या. मान वळवली नाही. "आवं, एवढी म्हातारी कवा झाले मी? आन् तुमी कुणी बोलला न्हाईसा?"

मीच ओरडून ओरडून तो उजेड तिथं आणला होता.

मामंजी खाली बसले. सहा फुटी माणूस त्या एवढ्याशा जागेत गुडघे मुडपून, भिंतीला धरून, कसाबसा आत्याबाईंच्या शेजारी टेकला. सुनेसमोर नवरा-बायकोनं असं शेजारी बसायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आरशात दोन तोंडं दिसायला लागली.

"मी तरी काय बोलणार?" ते म्हणाले. "बावीस वर्सं पलटणीत. सुट्टीला यायचो ते दोन म्हैनं, आन् घरात धा माणसं. दिवसा तुझ्या डोईवर पदर, रात्री दिवा बारीक. मी तरी तुला उजेडात कवा बघितलं?"

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला.

"मग घ्या आता बघून," त्या म्हणाल्या आणि मेणात बोट बुडवलं.

मी दार ओढून घेतलं. अंगणात नवरा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. गाडी चुकेल, आईला हाक मारतो, म्हणाला. मी त्याचा दंड धरला आणि सांगितलं, चुकू दे, आपण दहाच्या गाडीनं जाऊ.