कूलरमागचा मोगरा

मे महिन्यात आमच्या अल्लीपुरात कावळा गावाच्या एका टोकाला कच्चा शिरतो आणि दुसऱ्या टोकाला भाजून बाहेर पडतो. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. अशा दिवसांत हिरवं काही तगतं ते कूलरच्या मागे, गळक्या टाकीच्या ओलीत. लोक तिथे पुदिना लावतात. माझ्या बायकोनं मोगऱ्याची कुंडी ठेवली होती.

चार वर्षं भिंतीच्या सावलीत वाढलेलं झाड. पानं गर्द, पातळ आणि एवढी मोठी, की आम्ही यांच्यावरच जेवतो असं मी पाहुण्यांना सांगायचो. फूल मात्र एकही नाही. बायको रोज वाकून कळी शोधायची आणि कंबर धरून उठायची.

या मे महिन्यात तिला वर्ध्याला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि आता फार दिवस नाहीत म्हणाले. घरी आलो आणि कुंडी उचलून थेट गच्चीवर नेली. मोगऱ्याला ऊन लागतं, एवढं ठाऊक होतं. म्हटलं, हिच्या झाडाचं फूल हिच्या हातात द्यायचंच.

तिसऱ्या दिवशी पानांचा पापड झाला.

"मोगरा कसा आहे?" ती रोज विचारायची.

"अवं, कळ्याईनं वाकला! शेजारीण चादर घेऊन फुलं वेचाले येते."

"लय फेकता तुमी," म्हणायची, पण हसायची. त्या हसण्यासाठी मी कळ्या वाढवत नेल्या. शेवटी ती म्हणाली, "मंग एक आणून दाखवा ना."

दवाखान्याच्या फाटकासमोरून फुलं घेतली. खरं वाटावं म्हणून रस्त्यात एका अंगणातला मोगऱ्याचा डहाळा तोडून त्यांच्यात खोवला. तिनं फुलांकडे पाहिलंच नाही. पान चिमटीत धरून चोळलं.

"हे आपलं नाई. हे उन्हातलं पान आहे, लहान अन् जाड. आपलं कागदावानी पातळ. काय केलं तुमी त्याले?"

"गच्चीवर ठेवला."

"एकदमच? काऊन?"

"तुले फूल द्याचं होतं."

तिनं ते पान उशाशी ठेवलं. मग शिकवणी घ्यावी तशी हळूहळू बोलली. "आधी सकाळचं थोडंसं ऊन द्या लागते. मंग वाढवत न्या लागते. आता ते जुने पानं नाई सुधरत, गळतीन. पण उपटू नका. सावलीतही नेऊ नका. पाणी घाला. नवे येतीन ते उन्हाच्या मापाचेच येतीन."

"तू घरी येजो, अन् तूच पाह्यजो."

ती माझ्या शर्टाची बाही धरून पडून राहिली.

ती गेली तेव्हा गच्चीवर नुसत्या काड्या होत्या. तेराव्याला आलेल्या मेव्हण्यानं कुंडी रिकामी करायला घेतली. मी त्याच्यावर असा ओरडलो, की खाली जेवणारी पंगत थांबली.

जूनच्या शेवटी पानं फुटली. बोटाच्या पेराएवढी, जाड, जरा पिवळट. मग कळ्या आल्या. सासरहून मुलीचा फोन आला, "बाबा, आईच्या मोगऱ्याले किती फुलं आले?"

"तीन," म्हणालो.

तिकडे ती रडायला लागली. मी आकडा वाढवला नाही, म्हणून असेल.