किल्लारीत गार घराचा नकाशा

मंडळी, पुणं सोडून गावी राहायचं म्हणून आज किल्लारीजवळ जमीन बघून आलो. दुष्काळात तग धरायचा, म्हणून यादीच नेली होती: बोअरचं पाणी, वर्षाचं धान्य, सोलर, दवाखाना. सगळं जुळलं.

चहा घेताना जमीनमालकाच्या आईला मी हौसेनं घराचा नकाशा दाखवला. "मावशी, जुन्या पद्धतीचं बांधणार. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात एकदम गार!"

मावशींनी कागद हळूच घडी करून परत दिला.

"आमचं जुनं घर असंच व्हतं, दादा. लई गार. भूकंपात सासू अन् थोरली लेक त्याच्याखालीच गेली."

माझ्या यादीत पाण्याचेच सात प्रश्न होते. भूकंपाचा एकही नाही, तेही किल्लारीत जाऊन! तुम्ही जागा बघता तेव्हा आधी कुणाला विचारता?